लिव्हर अर्धीच मारली

२८ एप्रिल

या वहीत मी वारा, भरती-ओहोटी आणि अस्वलांच्या खुणा लिहितो. आज शिव्या लिहिणार आहे.

माझ्या पोराला, सावाला, काल दुपारी अस्वलाने फाडलं. उजवा हात कोपराखाली चावला, जबडा मोडला, गाल पार उघडा पडला. हेलिकॉप्टर आलं आणि अँकरेजला घेऊन गेलं. डॉक्टर म्हणतात, जगेल. हाताबद्दल विचारलं की विषय बदलतात.

आणि त्याच्या मागे सहा पावलांवर आमचे जावईबापू उभे. एलिंग. हातात माझी रायफल. पंचेचाळीस-सत्तर, लिव्हरवाली, घोड्याखालचा दांडा खाली-वर मारला की पुढचं काडतूस चढतं अशी, जिच्या एका गोळीत मी अंगावर येणारं अस्वल जागच्या जागी बसवलंय. आत सहा काडतुसं. साहेबांनी मारली किती? एक!

"अडकली, बाबा," रेडिओवर म्हणतो. "लिव्हर पूर्ण मारली होती. तरी अडकली."

अडकली म्हणे. एकतीस वर्षांत माझ्या हातात ती एकदाही अडकलेली नाही. लिव्हर कशी मारायची असते? खाली पार शेवटपर्यंत, आणि तितक्याच ताकदीने वर, बोटांची सालं निघाली तरी बेहत्तर. घाबरलेला माणूस अर्धीच मारतो आणि मग रायफल अडकते. माझ्या शिकारीच्या कॅम्पावर येणाऱ्या प्रत्येक नवख्याला मी हे पहिल्या दिवशी सांगतो. या गाढवाला अकरा वर्षं सांगतोय.

माझा गुडघा धड असता तर मी असतो तिथे. मी!

३० एप्रिल

गिऱ्हाईक आज परत गेलं. ओहायोचा दंतवैद्य, नाकाच्या शेंड्यापर्यंत नवे कपडे. जाताना माझ्या स्वयंपाकघरात बसून रडला. त्यानेच अस्वलाच्या पोटात गोळी घातली आणि जखमी जनावर आल्डरच्या झुडपात शिरलं. जखमी जनावर सोडून येत नाहीत आमच्याकडे. त्याला किनाऱ्यावर बसवून हे दोघे आत गेले. सावा पुढे, रक्ताचा माग बघत. एलिंग मागे, त्याच्यावर नजर ठेवून. अस्वल बाजूने आलं.

दंतवैद्याने काठावरून सगळं पाहिलं. एलिंगची पहिली गोळी खांद्यात लागली, म्हणाला. मग एलिंग लिव्हरशी झटापट करताना दिसला. मग त्याने रायफल नळीकडून धरली, अस्वलाच्या अंगावर धावून गेला आणि डोक्यात दस्ता घालत राहिला, मोडेपर्यंत. मग चिखलातली सावाची रायफल उचलली आणि अस्वलाच्या कानाला लावून झाडली.

"असा माणूस मी पाहिला नाही," दंतवैद्य म्हणाला.

मीही नाही पाहिला! अक्रोडाचा दस्ता होता तो. ज्याला लिव्हर मारता येत नाही तो रायफलीची लाठीच करणार, दुसरं काय.

पाशाला म्हटलं तसं. पोरगी अंगावर आली. "बाबा, तो अस्वलाच्या तोंडाशी गेला, रिकाम्या हातांनी!"

"रिकाम्या कसल्या? आत पाच काडतुसं होती!"

नवऱ्याची बाजू घेणारच ती. ताटलीतला माशाचा पिरोग तसाच टाकून निघून गेली.

३ मे

एलिंग आज बोटीने कॅम्पाचं सामान घेऊन आला. रायफल आणली, दस्त्याचे दोन तुकडे वेगळे गोणपाटात. स्क्रू काढून, लिव्हर बाहेर ओढून साफ केलीय, तेल लावलंय. आता साफ करतोय!

"आतली काडतुसं कुठायत?" मी विचारलं.

"पाण्यात टाकली."

"का?"

"चिखल लागला होता."

माझ्या हातची काडतुसं. एकेक जपून केलेली. पुसायची सोडून समुद्रात टाकली म्हणे.

"बोल ना आता," म्हटलं, "रेडिओवर तर मोठ्या तोंडाने सांगत होतास, पूर्ण मारली, अडकली. आता सांग बघू."

माझ्याकडे बघतसुद्धा नव्हता, माझ्या कामाच्या टेबलाकडे बघत होता. मी पुन्हा विचारलं, "अर्धी मारलीस ना?"

"असेल," म्हणाला.

झालं. कबूल केलं की! असेल म्हणजे मारली. शनिवारी बान्यात वाफ घ्यायला सात-आठ जण असतात, त्या सगळ्यांना मी सांगणार आहे. उगाच गावात वेगळी गोष्ट पसरायला नको.

९ मे

परवाना मंडळाला पत्र लिहिलं. तीन पानं. आजच्या टपालाच्या विमानाने गेलं.

मी काही सुडाने आंधळा झालेला म्हातारा नाही. सगळ्या बाजूंनी विचार करून लिहिलंय. रायफलीत दोष आहे का? नाही. मी स्वतः उघडून पाहिली, पट्टी, स्प्रिंग, सगळं ठणठणीत. काडतुसांत दोष आहे का? माझ्या काडतुसांत? हसू येतं. बाहेरचं काडतूस या कॅम्पात चालत नाही. तीन वर्षांपूर्वी एलिंगने दुकानातली दोन खोकी आणली होती, "बाबा, असू देत जवळ" म्हणे. मी गिऱ्हाइकांसमोर ती धक्क्यावरून खाडीत फेकली. सगळे हसले. तोही हसला. पुन्हा नाही आणली.

यंदाची चाळीस मी फेब्रुवारीत केली. वडिलांची पद्धत आहे, एका वेळी एकच काम. आधी चाळीसच्या चाळीस पुंगळ्यांत दारू भरून गोळ्या बसवायच्या आणि फळीवर दोन रांगांत उभ्या करायच्या. मग साचा बदलायचा आणि दुसऱ्या फेरीत प्रत्येकाचं तोंड आवळायचं, म्हणजे पुंगळीची कड गोळीवर घट्ट दाबून बसवायची. पंचेचाळीस-सत्तरचा धक्का गाढवाच्या लाथेसारखा. आवळलं नाही तर बंदुकीच्या नळीखालच्या दुसऱ्या नळीत रांगेने बसलेल्या काडतुसांच्या गोळ्या त्या धक्क्याने जागा सोडतात. हे मला शिकवायला नको कुणी. त्याच दिवशी पाशाने माझ्या डोळ्यांवरून भांडण काढलं होतं. "बाबा, डोळ्यांच्या डॉक्टरला दाखव, काल तू चहात मीठ घातलंस!" असा संताप आला की पहिली रांग झाली होती तिथेच उठून किनाऱ्यावर फेरी मारून आलो. आल्यावर सगळी काडतुसं डबीत भरली, वर तारीख घातली. चोख काम.

तेव्हा उरलं कोण? माणूस. पत्रात तेच लिहिलंय. "भित्रा आहे. अर्ध्या हाताचा आहे. याच्या भरवशावर पुन्हा कुणाचा जीव टाकू नये." सुनावणी बारा जूनला, अँकरेजला. त्याचा गाईडचा परवाना गेला पाहिजे. त्याला मासे सोलू दे कारखान्यात.

१७ मे

सावाशी आठवड्यापूर्वी फोनवर बोललो. म्हणजे मीच बोललो, त्याचा जबडा तारांनी बांधलाय. नर्सने फोन कानाला धरला होता. हात राहिलाय, पण तीन बोटं कायमची गेली. मी म्हटलं, "सावा, तू मनाला लावून घेऊ नकोस, तुझी काही चूक नाही. एलिंग गळपटला. अर्धी लिव्हर मारली आणि उभा राहिला. स्वतः कबूल केलंय त्याने मला." मग नर्स म्हणाली, थकलेत ते.

एलिंग अँकरेजला जाऊन बसलाय, दहा दिवस झाले. इथे जाळी दुरुस्तीला पडलीत, पाशा एकटी राबतेय, आणि हा तिकडे कुणा मित्राच्या गाडीत झोपतो. रोज हॉस्पिटलात जातो म्हणे. माझा फोन झाल्यापासून सावा त्याला आत येऊ देत नाही. पाटीवर लिहून दिलंय नर्सला.

पोरगा माझाच आहे. बरं वाटलं ऐकून.

२२ मे

नवा दस्ता बसवला. मॅपलचा. रायफल पुन्हा खांद्याला लावली. कोरडीच लिव्हर मारून पाहिली, वीसदा. लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरते. आणि म्हणे अडकली!

३१ मे

झालं ते जसंच्या तसं लिहितो.

सकाळी दहाच्या सुमाराला धुरीघराकडे फळ्या मोडल्याचा आवाज झाला. यंदाचे पहिले लाल सामन मासे धुरी द्यायला टांगलेत आत. गेलो तर अस्वलीण, मागे दोन पिलं. दार उचकटून अर्धी आत. मी रायफल आणायला घरात आलो, डबीतून सहा काडतुसं घेतली, भरली, बाहेर पडलो.

पंधरा पावलांवरून ओरडलो. तिने मान वळवली, पिलं माझ्या एका बाजूला, ती दुसऱ्या बाजूला आणि मी मधे. चूक माझी, बाजू बघायला हवी होती. ती आली. मी तिच्या पुढच्या वाळूत गोळी घातली, गारगोट्या तिच्या तोंडावर उडाल्या. थांबली. मी लिव्हर मारली. खाली, पार शेवटपर्यंत, आणि वर.

वर आली नाही.

अर्ध्यात अडकली. मी पुन्हा मारली. बोटाचं साल निघालं. तिसऱ्यांदा मारली. आत लोखंड लोखंडाला रुतलेलं. आणि ती माझ्यापासून आठ पावलांवर, मान खाली, दातांचा कट्कट् आवाज करत. रायफल नळीकडून धरावी एवढंही सुचलं नाही मला. मी नुसता उभा राहिलो. पिलं पळाली, म्हणून ती गेली. नाहीतर ही वही पाशाला सापडली असती.

टेबलाशी बसून लिव्हरचा स्क्रू काढला. आतलं बाहेर काढलं. दुसऱ्या काडतुसाची गोळी पुंगळीत बोटाच्या पेराएवढी आत गेलेली. काडतूस आखूड झालं, म्हणून त्याच्यामागचं एक कडेने पुढे सरकलं, आणि काडतूस वर उचलणाऱ्या पट्टीखाली पाचर बसली. पट्टी उठणार कशी? डबीतलं दुसरं घेतलं. कडेवरून नख फिरवलं. नख अडलं. आवळलेल्या तोंडावर नख अडत नाही. ते टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्याने जोर दिला. गोळी सरकली.

भिंग आणलं. डबीत उरलेल्यांतल्या साधारण निम्म्यांची तोंडं आवळलेली. निम्म्यांची नाहीत. म्हणजे दुसरी रांग मी आवळलीच नव्हती.

१ जून

पाशा धुरीघराच्या फळ्या ठोकायला आली. मी टेबलावर दोन काडतुसं शेजारी ठेवली होती, एक नीट आणि एक गोळी आत बुडालेलं. तिने पाहिलं आणि तोंड फिरवलं. दचकली नाही. तिथेच मला कळलं.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"तो आला त्या रात्रीपासून. त्याने किनाऱ्यावर रायफल उघडली तेव्हाच बघितलं. पाचातली चार अशीच होती."

"आणि पाण्यात टाकली!"

"टाकली. मग काय करणार होता? तुझ्या पुढ्यात आणून ठेवणार होता?"

"ठेवायची! ठेवायची होती! मी काय लहान मूल आहे? मला सांभाळून घ्यायला निघालात दोघं? मी त्याला बान्यात, अख्ख्या गावासमोर भित्रा म्हटलं, आणि तुम्ही मला म्हणू दिलंत?"

"तू ऐकतोस का कुणाचं, बाबा?" ती हातोडी आपटत म्हणाली. "तू डोळे दाखवायला जात नाहीस, तू हे ऐकणार होतास?"

डबी उचलून भिंतीवर मारली मी. सगळी काडतुसं जमिनीवर. मग गुडघ्यावर बसून एकेक शोधत बसलो, कारण दिसत नव्हती.

२ जून

एलिंगला फोन लावला. म्हटलं, "अस्वलिणीने मला दाखवलं काय झालं ते. तू का बोलला नाहीस?"

हा माणूस, जो अकरा वर्षांत माझ्यापुढे कधी आवाज चढवून बोलला नाही, तो ओरडला. फोन कानापासून लांब धरावा लागला.

"कारण खाडीतल्या शिकारीचा हक्क तुमच्या नावावर आहे! कॅम्प तुमच्या नावावर! माझ्या नावावर काय आहे? मला दोन वर्षं घरी बसवतील, मी मासे धरीन, परत येईन. तुमचा परवाना गेला की खाडी दुसऱ्याला जाईल, पाशा काय करेल, सावा तीन बोटं गमावून दुसरं काय करेल? म्हणून गप्प बसलो. आणि तुम्ही काय केलंत? सावाला सांगितलंत! मंडळाला लिहा, गावाला सांगा, ते मी गिळलं असतं. पण सावाला का सांगितलंत, बाबा? मी त्याच्या अंगावरून ते जनावर काढलंय. त्याचा गाल मी हाताने धरून ठेवला होता हेलिकॉप्टर येईपर्यंत. तो माझं तोंड बघत नाही आता!"

मी म्हटलं, "मी मंडळापुढे खरं सांगेन."

"खबरदार सांगाल तर," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

आता जावई मला दम देणार! माझ्या चुकीचं काय करायचं ते तोच ठरवणार! माझी चूक आहे, माझी! ती पाठीवर घेऊन फिरायचा हक्क त्याला दिला कुणी?

४ जून

मंडळात फोन केला, पत्र परत द्या म्हटलं. तिथली बाई म्हणाली, दाखल झालेलं पत्र परत मिळत नाही, जे काय सांगायचं ते बारा तारखेला समोर येऊन सांगा. पाशा म्हणते, गप्प राहा, एलिंगचंच ऐक. तिने आज माझ्यासाठी सूप केलं नाही. मीही मागितलं नाही.

१२ जून, अँकरेज

सकाळी सुनावणी. पाच जण लांब टेबलामागे. एलिंग इस्त्रीचा शर्ट घालून, माझ्याकडे न बघता. अध्यक्षबाईंनी माझं पत्र मोठ्याने वाचायला घेतलं. तीन पानं. "भित्रा आहे. अर्ध्या हाताचा आहे." मी लिहिताना इतकं लांब नव्हतं वाटलं. एलिंग बुटांच्या नाड्यांकडे बघत ऐकत होता.

"यात काही भर घालायची आहे?" त्यांनी विचारलं.

एलिंगने मान वर केली आणि माझ्याकडे पाहून हळूच नकारार्थी हलवली.

मी उठलो. खिशातून काडतुसं काढून टेबलावर ठेवली. "ही कुणी केली?" बाईंनी विचारलं. "मी केली. अर्ध्यांची तोंडं आवळलीच नाहीत. मला दिसलं नाही, कारण मला दिसत नाही, आणि ते मी कबूल करत नव्हतो. त्याने लिव्हर पूर्ण मारली होती. कुणीही मारली असती तरी अडकली असती. माझ्या हातातही अडकली. तेव्हा मी उभा राहिलो नुसता. हा धावून गेला होता." बोलताना आवाज चढला, टेबलावर मूठही आपटली बहुतेक. कुणावर ओरडत होतो कोण जाणे.

पंधरा मिनिटं बाहेर बसवलं. एलिंगवरची तक्रार रद्द. माझा परवाना आजपासून बंद. खाडीचं पुढच्या बैठकीत ठरेल, पण अध्यक्षबाईंच्या चेहऱ्यावर वाचता येत होतं. एलिंग जिन्यात म्हणाला, "समाधान झालं? घालवलीत खाडी." मग म्हणाला, "चला. सावाकडे तुम्हीच जायचं आधी."

हॉस्पिटलात सावा खुर्चीत बसला होता. जबड्याच्या तारा निघाल्यात, बोलतो, पण तोंड एकीकडून हलत नाही. मी एका दमात सगळं सांगितलं. रांग, कड, अस्वलीण, एलिंगने समुद्रात टाकलेली काडतुसं. मी फोनवर त्याला जे सांगितलं ते खोटं होतं, तेही.

त्याने ऐकलं. मग सावकाश, एकेक शब्द घासत बोलला.

"महिना झाला तो या दारात येतोय, बाबा. सकाळी यायचा. मी नर्सला सांगायचो, याला घालवा. एकदा तर पाण्याचा पेला फेकून मारला त्याला, या डाव्या हाताने. त्याने तो उचलून बाजूला ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी परत आला."

"माझं चुकलं, सावा."

"तुम्ही म्हणालात म्हणून. तुम्ही म्हणालात आणि मी एकदाही त्याला विचारलं नाही."

मी त्याच्या हाताला हात लावायला गेलो. त्याने हात मागे घेतला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, मला शिव्या कळतात.

"एलिंगला आत पाठवा," तो म्हणाला. "आणि तुम्ही बाहेर थांबा."

"किती वेळ?"

"मला माहीत नाही, बाबा."

एलिंग माझ्या बाजूने आत गेला आणि त्याने दार लावून घेतलं. मी बाकावर बसलो. आतून आधी सावाचं रडणं ऐकू आलं, मग एलिंगचं, आणि नंतर बराच वेळ दोघांचं बोलणं. नर्स येऊन विचारून गेली, तुम्ही कुणाचे? मी सांगितलं, बाप आहे. ती म्हणाली, मग जा ना आत. मी म्हटलं, बोलावलं नाहीये. तीन तास झालेत. अजून बाकावरच बसून लिहितोय.